लक्ष्मीबाई टिळक : दार उघडे ठेवणारी आई



रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर आहेत. प्रोटेस्टंट मंदिरांत ती गायली जातात, तशी आपल्या मिस्सातही गायली जातात. टिळकांचे नाव म्हणूनच बहुतेकांना ठाऊक असते. ज्या स्त्रीने त्यांचा संसार सावरला, ज्यांची मुले नव्हती त्यांना जी आई झाली आणि उतारवयात जिने मराठी भाषेला एक अमोल ग्रंथ दिला, त्या लक्ष्मीबाईंची ओळख मात्र आपल्याकडे थोड्यांनाच असते. टिळक दांपत्य आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते. अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचे नाते होते. परंतु पवित्र आत्मा आपण घातलेली कुंपणे विचारून काम करीत नाही. त्यांच्या जीवनातून आपल्या कुटुंबांनी शिकावे असे पुष्कळ आहे.

घरभेटीला गेल्यावर धर्मगुरूला अनेक दुःखे दिसतात. एखाद्या घरात लग्नाला बारा वर्षे होऊनही पाळणा हललेला नसतो. एखाद्या घरात जोडीदार गेलेला असतो आणि मुले दूरदेशी असतात. अशा वेळी आशा धरा, असे सांगणे सोपे असते. ती धरायची कशी, हे सांगणे अवघड. संत थॉमस अक्वायनस यांनी आशेची मोठी नेमकी मीमांसा केली आहे. आपण ज्याची आशा करतो ते चांगले असते, ते अजून मिळालेले नसते, ते मिळणे कठीण असते, तरीही अशक्य नसते. आणि पुष्कळदा ते शक्य होते ते आपल्या एकट्याच्या बळाने नव्हे, तर दुसऱ्याच्या साहाय्याने. हे तत्त्वज्ञान पुस्तकात वाचले की कोरडे वाटते. लक्ष्मीबाईंच्या घरात ते चुलीपाशी बसलेले दिसते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. घरात सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या माहेरावर मोठा घाला आला होता. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना विटाळाचा ध्यास लागला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अशी त्यांची शिस्त. कुणाचा स्पर्श होईल, कुणाची सावली पडेल, या भीतीत सारे घर वावरत असे. पुढे जिच्या घरी कोणत्याही जातीचे मूल येऊन जेवणार होते, ती मुलगी अशा घरात वाढली, हे आपण ध्यानात ठेवू या.

अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले. मनूची लक्ष्मी झाली. टिळक बुद्धिमान, कविवृत्तीचे, तसेच तापट आणि एका जागी न टिकणारे. मनात आले की घर सोडून निघून जावे, नोकरी सोडावी, दुसऱ्या गावी नवे काही सुरू करावे, असा त्यांचा क्रम. सासरेही कडक होते. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे होणारा नवरा असला, म्हणजे संसार कसा चालतो, हे त्याच्या बायकोलाच ठाऊक! लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळालीच नाही. लिहायला वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, त्याही नवऱ्याच्या हट्टापायी. पहिली अपत्ये लहानपणीच दगावली. १८९१ साली देवदत्त जन्मला. तो दत्तू मात्र जगला.

१८९३च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले. दोन वर्षे त्यांच्या मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळात ब्राह्मण पुरुष ख्रिस्ती झाला की त्याची बायको नवरा जिवंत असूनही विधवेसारखी होई. तिला धड सौभाग्यवती म्हणता येत नसे, धड विधवाही म्हणता येत नसे. पदरात चार वर्षांचा दत्तू. त्याला बाप घेऊन जाईल, ही नातलगांची भीती. लक्ष्मीबाईंनी पंढरपूरला आणि इतरत्र आप्तांच्या आश्रयाने दिवस काढले. दुःखाने त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या मनाचा तोल जातो की काय, अशी भीती घरच्यांना वाटू लागली.

त्या अंधारात त्यांच्या हाती एक साधन आले. त्या कविता करू लागल्या. नवऱ्याकडून कविता त्यांनी सतत ऐकल्या होत्या, पण स्वतः काही रचावे असे तोवर मनात आले नव्हते. व्याकरण येत नव्हते, जोडाक्षरे चुकत होती. तरी मनातले दुःख शब्दांत उतरू लागले आणि उतरता उतरता थोडे हलके झाले. दुःख आत कोंडले की ते माणसाला खाते. त्याला शब्द दिला की माणूस त्याच्याकडे थोड्या अंतरावरून पाहू शकतो. बायबलमधील स्तोत्रकारांनी हेच केले. पुष्कळदा ते देवापाशी तक्रारच करतात. पण तक्रार करायची म्हणजे कुणीतरी ऐकणारा आहे असे मानायचे. लक्ष्मीबाईंच्या आशेची पहिली ठिणगी अशी तक्रारीतून पडली.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आल्या. त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, त्यांचा देव त्यांच्यापाशी होता. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाने या एका बाबतीत अपार धीर धरला. आपल्या विश्वासावर ज्याचा खरा विश्वास असतो त्याला सक्तीची गरज भासत नाही, हे आपण सर्वांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

मग लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. देवाने जाती निर्माण केल्या असतील, तर माणसाच्या अंगावर त्यांची काही खूण का नाही? पशुपक्ष्यांच्या जाती ओळखू येतात, मग माणसांची का येऊ नये? देवाने पुरुष आणि स्त्री एवढेच निर्माण केले असावे, बाकीचे सारे माणसाने केले असावे. एवढा विचार पक्का झाला आणि त्यांनी ठरवले, आजपासून कुणाच्याही हातचे खायचे, कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे. लहानपणापासून अंगात भिनलेले सोवळे त्यांनी एका विचारासरशी उतरवून ठेवले. तत्त्वज्ञानाचे वर्ग न भरता झालेले हे तत्त्वचिंतन आहे. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी माणसे जवळची झाली आणि मग ख्रिस्त जवळचा झाला, असा त्यांचा क्रम दिसतो.

ते दिवस भयंकर दुष्काळाचे होते. १८९९-१९००च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रयाला येऊ लागली. राहुरीला टिळकांच्या घरीही अशी मुले आली. टिळकांची पद्धत आपल्याला माहीतच आहे. रस्त्यात कुणी निराधार दिसला की ते त्याला घरी आणीत. आणल्यावर त्याला खाऊ काय घालायचे, निजवायचे कुठे, याची चिंता लक्ष्मीबाईंची. घरात जिन्नस असो नसो, ताटे वाढत जात. ज्या बाईने आपल्या पोटची मुले मातीआड केली होती, तिच्याभोवती आता परक्यांची पोरे आई, आई करीत होती. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाच्या अंगाला खरूज, कुणाला वेळीअवेळी भूक. वात्सल्य हा शब्द ऐकायला गोड वाटतो. त्याचे रोजचे रूप असे न्हाणीघरात आणि चुलीपाशी असते. पुढे नगरला प्लेग आला, तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेलाही लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या.

हे करताना त्यांनी संतपणाचा आव कधी आणला नाही. नवऱ्याच्या उधळ्या दानशूरपणावर त्या चिडत, भांडत, पुढे लिहिताना त्याची थट्टाही करीत. औदार्य म्हणजे सतत हसतमुख असणे, असा आपला समज असतो. लक्ष्मीबाई कुरकुरत कुरकुरत देत असत, पण देत असत. मला वाटते, आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ आयांना हे वाचून धीर येईल.

या घरात आलेल्या मुलांपैकी एकाचे नाव सर्व महाराष्ट्राला माहीत आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे खानदेशातील धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने आपली कविता म्हटली. त्याला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्या मुलातले तेज ओळखले आणि त्याला आपल्या घरी नगरला आणले. बालकवी टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. घर ख्रिस्ती, मुलगा हिंदू. टिळकांनी त्याला कवी म्हणून घडवले, लक्ष्मीबाईंनी त्याला जेवू घातले, त्याचे रुसवे काढले, त्याच्या हळव्या मनाची राखण केली. त्याने धर्म बदलावा अशी अट या मायेला नव्हती, आणि तो हिंदूच राहिला. आज शाळेत मुले बालकवींची निसर्गकविता पाठ करतात, तेव्हा त्या कवितेला एका ख्रिस्ती आईच्या हातचे अन्न लागले आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

५ मे १९१८ रोजी बालकवी जळगावजवळ भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. टिळकांनी त्याआधीच, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला होता. हिंदू आणि ख्रिस्ती यांना ख्रिस्ताभोवती एकत्र आणणारा देवाचा दरबार त्यांना उभा करायचा होता. तो पुरता उभा राहण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एका वर्षाच्या अंतराने, दोन्ही वेळा मे महिन्यात, लक्ष्मीबाईंनी मानलेला मुलगा गमावला आणि नवराही गमावला. वय एक्कावन्नच्या घरात. साठवलेला पैसा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो साठू दिला तर ते टिळक कसले!

आता आशा संपावी असा हा क्षण होता. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली. म्हणजे पुन्हा परक्यांच्याच लेकी. पुढे देवदत्तांबरोबर त्या कराचीला राहिल्या आणि शेवटी नाशिकला. या काळात त्यांनी दोन मोठी कामे हाती घेतली.

पहिले काम टिळकांचे अपुरे राहिलेले. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करायचे, असे टिळकांनी योजले होते. आपल्या परंपरेत हे काम फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूने केले होते. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले, पण दहाएक अध्यायांनंतर मृत्यू आडवा आला. ते पुरे कोण करणार? मोठमोठे पंडित होते. ते काम उचलले शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्यांच्या विधवेने. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या ख्रिस्ताने आपला नवरा आपल्यापासून हिरावून घेतला असे एकेकाळी त्यांना वाटले होते, त्याच ख्रिस्ताचे चरित्र त्या ओवी ओवीने गुंफीत बसल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

दुसरे काम त्यांच्या हातून जवळजवळ नकळत झाले. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. आई लिहू लागली. लिहिता लिहिता नवऱ्याच्या चरित्राची टिपणे बाजूला राहिली आणि एका स्त्रीचे स्वतःचे जीवन कागदावर उभे राहिले. तेच ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. १९८३ साली विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला. २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला. त्या पुस्तकात पांडित्य नाही. बोलल्यासारखी साधी वाक्ये आहेत, आणि सर्वांत नवल म्हणजे पानोपानी हसू आहे. एवढे भोगलेली बाई कुणाचा सूड घेत नाही. सासऱ्यांचा, नातलगांचा, चिडक्या नवऱ्याचा, सगळ्यांचा हिशोब ती क्षमेने चुकता करते. पापस्वीकाराला जाताना आपण दुसऱ्यांचेच अपराध सांगत बसतो. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात आणि दुसऱ्याला मोकळे करतात.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, या जीवनाकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. लक्ष्मीबाईंनी आपले घर पुन्हा पहिल्यासारखे भरेल याची वाट पाहत दिवस काढले नाहीत. रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी दुसऱ्याला बसवले. पोटची मुले गेली तेथे अनाथ मुले आली. नवरा गेला तेथे वसतिगृहाच्या मुली आल्या. मनातली जागा दुःखाने व्यापली होती, तेथे शब्द आले. गेलेले परत आले नाही; येतही नसते. पण ज्या जागेवर दुःखाने हक्क सांगितला होता, ती जागा प्रेमाने परत मिळवली. अक्वायनस ज्याला दुसऱ्याच्या साहाय्याने येणारी आशा म्हणतात, ती त्यांना अशी मिळाली. साहाय्य द्यायला त्या दार उघडीत, आणि त्याच दाराने साहाय्य आत येई.

संत पौल रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना सांगतो की, आपण सारे देवाची दत्तक लेकरे आहोत. रक्ताने आपला देवाशी काही संबंध नव्हता. त्याने आपल्याला आपले म्हटले आणि वारसाही दिला. संत जोसेफने बाळ येशूला आपले नाव आणि आपले छप्पर दिले, आणि नाझरेथचे पवित्र कुटुंब उभे राहिले. असे असताना आपल्या ख्रिस्ती घरांत अजूनही, रक्त कुणाचे, जात कुठली, घरजमिनीत वाटा का द्यावा, अशी कुजबुज ऐकू येते. निपुत्रिक दांपत्याची तयारी असते आणि घरातली वडीलधारी माणसे आडवी येतात. हे ऐकून मन विषण्ण होते. जे दत्तक जाणे आपण बाप्तिस्म्यात आनंदाने स्वीकारले, ते एखाद्या बाळाला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

लक्ष्मीबाईंच्या काळी ख्रिस्ती माणसाला कायद्याने दत्तक घेता येत नव्हते. १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झाले की तेही संपे. आता ती अडचण राहिलेली नाही. २०००चा बाल न्याय कायदा, २००६ची त्याची दुरुस्ती आणि २०१५चा नवा कायदा यांमुळे कोणत्याही धर्माच्या दांपत्याला मूल रीतसर दत्तक घेता येते, आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सारे हक्क मिळतात. नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे करावी लागते. २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. प्रतीक्षा लांबू शकते, तिला धीर हवा. पण कुणाच्या मध्यस्थीने, पैसे मोजून, परस्पर मूल आणण्याच्या मोहात कुणी पडू नये. तो गुन्हा आहे आणि त्या बाळावर अन्यायही आहे. ज्यांच्या मनात हा विचार असेल त्यांनी संकोच न करता येऊन भेटावे.

सर्वांनाच दत्तक घेता येईल असे नाही. पण शेजारच्या मुलाला संध्याकाळी अभ्यासाला जागा देता येईल. शिकायला गावाबाहेरून आलेल्या मुलाला रविवारी जेवायला बोलावता येईल, तो कोणत्याही धर्माचा असो. आणि ज्या आज्या, ज्या काकी, ज्या एकट्या राहिलेल्या भगिनी आम्हाला काय येतंय लिहायला असे म्हणतात, त्यांनी एक वही आणावी. घरात घडलेले, सोसलेले, हसलेले त्यात उतरवावे. शुद्धलेखनाची चिंता नको. मराठीतल्या एका उत्तम पुस्तकाच्या लेखिकेलाही ते नीटसे येत नव्हते.

आज मिस्सा संपवून घरी जाल, तेव्हा एकदा आपल्या घराकडे नीट पाहा. कोणती खाट रिकामी आहे, जेवणाच्या वेळी कोणती जागा मोकळी राहते? त्या जागेसाठी प्रभूपाशी प्रार्थना करू या. ती कुणाला द्यायची हे त्याने आपल्याला सुचवावे, आणि सुचवल्यावर ती द्यायचे धैर्यही त्यानेच द्यावे.